न ओरडणारं खेचर

दुपारी साडेतीनच्या सुमारास दोघे पाहुणे पूल ओलांडून खाली आले. त्यांच्या पिशव्या त्यांच्याच पाठीवर होत्या. बरोबर वाटाड्या नव्हता आणि खेचरही नव्हतं.

पुलाशी चौकी आहे. चौकीचा हवालदार कठड्याला टेकून नखं कापत होता. त्यानं दोघांकडं पाहिलं, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या वाटेकडं पाहिलं.

“जावई कुठं राहिला?”

पाहुण्यांपैकी बाई दातांच्या डॉक्टर होत्या, शहरातून आलेल्या. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ. भाऊ म्हणाला, “येतोय मागून.” असं का सांगितलं, ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही.

“तुम्ही तर परवा येणार होतात.”

“पाय दुखायला लागले.”

हवालदारानं मान हलवली आणि दुसऱ्या हाताची नखं कापायला घेतली.

चढ सुरू होण्याआधीचं शेवटचं घर जुन्या वाटाड्याचं. दगडी भिंती, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले धोंडे. मागं गोठा, पुढं अंगण आणि अंगणाच्या कडेला पाहुण्यांसाठी दोन खोल्या. खोल्यांत लोखंडी खाटा आणि ब्लँकेटांची चळत. म्हाताऱ्याला दोन मुली. धाकटी लग्न होऊन खाली शहरात गेली. थोरली इथंच राहिली आणि तिचा नवरा इथं राहायला आला. सासऱ्याचे गुडघे गेल्यापासून पाहुण्यांना खिंडीपलीकडच्या गावात नेऊन आणायचं काम तोच करायचा. गावात सगळे त्याला जावईच म्हणत. सुरुवातीला त्यात मान असेल; आता चहावालाही म्हणायचा, “जावई, उठताय तसे तेवढे ग्लास आत ठेवा.”

थोरली अंगणात उकिडवी बसून जुन्या खेचराचा पुढचा खूर बादलीत धरून होती. बादलीत मोरचुदाचं पाणी होतं. खूर कुजायला लागल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ हेच चाललं होतं. तिचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते. पावलं वाजली तसं तिनं वर पाहिलं. आधी पाहुण्यांकडं, मग फाटकाकडं, मग फाटकाबाहेरच्या वाटेकडं.

“हे कुठं आहेत?”

“आधी बसू दे आम्हाला,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. बसल्यावर त्यांना बुटांच्या नाड्या सोडता येईनात. थोरलीनं खूर सोडला, पुढं होऊन त्यांच्या नाड्या सोडल्या. पांढऱ्या मोज्यांवर निळे डाग पडले.

आतून म्हातारा काठी टेकत आला. “काय झालं?”

“धुकं आलं,” भाऊ म्हणाला.

इथं नव्या खेचराची हकीकत सांगायला हवी.

जुनं खेचर लंगडायला लागलं तेव्हा मोसम संपायला थोडेच आठवडे उरले होते आणि पाहुणे यायचेच होते. खेचराशिवाय पाहुणे नेता येत नाहीत, आणि ते केवळ ओझ्यासाठी नाही. म्हातारा हाडाचा वाटाड्या; त्याची शिकवण अशी की वरच्या चढावर धुकं आलं, की माणसानं वाट शोधायची नाही. कासरा सोडून द्यायचा, खेचर पुढं करायचं, वाटाड्यानं त्याची शेपटी धरायची आणि पाहुण्यांनी वाटाड्याच्या पट्ट्याला धरून मागं यायचं. खेचर आपल्या वाटेनं गोठ्यापर्यंत किंवा पलीकडच्या मुक्कामापर्यंत बिनचूक जातं. जुन्या खेचरानं असं कितीतरी जणांना उतरवलं होतं. एकदा म्हाताऱ्याला ताप चढलेला असताना ते त्याला शेपटीला लोंबकळत घेऊन आलं होतं.

जावई खाली बाजाराच्या गावात गेला आणि दलालाकडून एक काळपट खेचर घेऊन आला. स्वस्तात मिळालं म्हणाला. म्हाताऱ्यानं त्याचं तोंड उघडून दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले, बरगड्यांवरून हात फिरवला. पाठीवर खोगिराच्या जुन्या घासणीचे पांढरे ठिपके होते, म्हणजे कामाचं जनावर. हाकावं लागत नव्हतं. तोंड धरून ओढावं लागत नव्हतं. आणि कधी ओरडत नव्हतं. दुसरं खेचर ओरडलं तरी हे कान हलवून गप्प राहायचं.

“गुणी आहे,” म्हातारा म्हणाला. “खातं कमी, बोलत नाही, सांगितलं तेवढं करतं. घरात अशी आता दोन झाली.”

जावई हसला. थोरली हसली नाही.

निघायच्या सकाळी म्हाताऱ्यानं अंगणात खुर्ची मांडून पाहुण्यांना नेहमीच्या सूचना दिल्या होत्या. खिंडीतून पाहुणे जातात तसा दुसराही माल जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो नेणाऱ्यांना गावात ‘वरचे’ म्हणतात. त्यांचा आणि पाहुण्यांचा आजवर कधी संबंध आला नाही. तो येऊ नये म्हणूनच या सूचना.

“चढताना बोलत चला,” म्हातारा म्हणाला होता. “गाणी म्हणा, भांडा. बहीणभाऊ आहात, भांडायला काय कमी आहे? गुपचूप चालणाऱ्याचा त्यांना संशय येतो. वाटेत काही पडलेलं दिसलं तर उचलायचं नाही, चप्पल असली तरी नाही. फोटो डोंगराचे काढा, वाटेचे नाही. समोरून ओझ्याची जनावरं आली तर आपण डोंगराकडच्या बाजूला उभं राहायचं, दरीकडची बाजू त्यांना द्यायची. माणूस आला तर त्याच्या पायांकडं बघायचं, तोंडाकडं नाही. आणि वर वाटेला फाटा फुटतो तिथं थांबायचं नाही. लघवीलासुद्धा नाही.”

“फारच लागली तर?” भावानं विचारलं होतं.

“तर चालता चालता.”

सगळे हसले होते. जावई तेव्हा खोगिराचा तंग आवळत होता. सूचना त्याला पाठ होत्या.

“धुकं फाट्याच्या जरा आधी आलं,” भाऊ आता सांगत होता. चहाचा ग्लास त्यानं दोन्ही हातांत धरला होता, पण पीत नव्हता. “पुढचं खेचर दिसेना. तुमच्या जावयांनी आम्हाला थांबवलं, कासरा सोडला, शेपटी धरली. म्हणाले, आता काळजी नाही. आम्ही त्यांचा पट्टा धरला. खेचर एकदाही थांबलं नाही. मी ताईला म्हणालो पण, काय हुशार जनावर आहे. चढ जरा जास्त वाटत होता. पायाखाली खडी यायला लागली. मग शेणाचा वास आला, धुराचा वास आला. मला वाटलं पोचलो.”

खेचर एका कपारीपुढं जाऊन उभं राहिलं होतं. कपारीला पत्रे लावून आडोसा केलेला. आत काळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले. खेचर ओझं उतरवून घ्यायला आपणहून आडवं वळलं आणि ओरडलं. तोवर पाहुण्यांना ते मुकं आहे असंच वाटत होतं.

“आतून एक जण आला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हातात पाण्याची बादली होती. त्यानं आधी माणसांकडं पाहिलंच नाही. खेचराला म्हणाला, ‘राणी, आलीस का गं?’ आणि मग आम्हाला पाहिलं.”

म्हातारा खुर्चीत बसला. पुढचं त्यानं न ऐकताही ओळखलं असावं. वरच्यांची खेचरं माणसाशिवाय चालायला शिकवलेली असतात. पकडली गेली तर जनावर जातं, माणूस जात नाही. ओरडू नये, हेही त्यांना शिकवलेलं असतं. दात, खूर आणि बरगड्या त्यानं पाहिल्या होत्या. खेचर आधी कुठल्या वाटेनं चालायचं, हे विचारलं नव्हतं.

“मारलं का तुम्हाला?” थोरलीनं विचारलं.

“नाही. फोन घेतले, ते सकाळी परत दिले. आत एक जण गालाला फडकं बांधून पडला होता. तोच मुख्य. दाढेला गळू झालं होतं. मी सांगितलं, मी दातांची डॉक्टर आहे. कुणाचा विश्वास बसेना.” बाईंनी हातांकडं पाहिलं. “सुई उकळून घेतली. पू काढला. रात्रभर मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या. माझ्याकडच्या गोळ्या दिल्या. सकाळी त्याला तोंड उघडता येत होतं. मग त्यानंच आम्हाला वाट दाखवून दिली.”

“आणि हे?”

“मी म्हणाले, वाटाड्यालाही सोडा. तो म्हणाला, बाई, तुम्ही लांबच्या, तुम्ही विसराल. हा इथंच राहतो. मी पुन्हा म्हणाले. तर म्हणाला, ‘त्याची कुठं दाढ दुखतेय?’ सगळे हसले.”

“तो हसला?” म्हाताऱ्यानं विचारलं.

बाईंना कळलं नाही. “कोण?”

“आमचे जावई.”

भाऊ म्हणाला, “हसले थोडंसं. भीतीनं हसतोच की माणूस.”

“बांधलं होतं का त्याला?”

“नाही. बसले होते शेकोटीजवळ. नंतर खेचराची पाठ घासत होते.”

थोरली उठली. बादलीतलं पाणी थंड झालं होतं. ते तिनं अंगणाच्या कडेला ओतलं, नवं गरम करायला चुलीवर ठेवलं आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली, “जेवून घ्या तुम्ही.”

डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं, लगेच चौकीवर जायचं. भावाचंही तेच. म्हातारा नको म्हणाला.

“चौकी वर जाईल,” तो म्हणाला, “पण चौकी निघायच्या आधी बातमी निघेल. ती कोण नेतं, ते मला विचारू नका. यांच्या टोप्या पुलावर दिसायच्या आत तिकडं कपार रिकामी झालेली असेल. आणि रिकामी करताना ज्याचं ओझं होतं तो दरीत जातो.”

“म्हणजे काहीच करायचं नाही?”

“वाट बघायची.”

“ही काय पद्धत झाली?” बाईंचा आवाज चढला. “माझ्या डोळ्यांसमोर माणूस मागं राहिला. मी घरी जाऊन पेशंट तपासू?”

थोरली दारात आली. हात पुसत होती. निळा रंग निघत नव्हता. “डॉक्टरबाई, तुम्ही गेलात की इथं मी आहे. चौकीवर सांगायचं असेल तर मी सांगेन. माझा नवरा आहे.” मग आवाज उतरवून म्हणाली, “मला थोडे दिवस द्या.”

बाईंनी डाग पडलेले मोजे ओढून वर घेतले. शेवटी म्हणाल्या, “मी फोन करीन. तोवर आले नसतील तर मी कळवणार. इथं नाही, वर. मोठ्या ऑफिसात. ते मला करावंच लागेल.”

“करा,” थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे सकाळच्या गाडीनं गेले. हवालदार दुपारी आला. चहा मागितला, खुर्ची ओढून बसला.

“जावई नाही दिसला काल.”

“पलीकडच्या गावात राहिलाय,” म्हातारा म्हणाला. “पाय मुरगळला.”

“कुणाचा? खेचराचा का त्याचा?”

“त्याचा.”

“मग बरं. खेचर महाग असतं.” हवालदारानं चहा ओठाला लावला, फुंकर मारली. “सासऱ्याचं घर सोडून एखादा माणूस पलीकडं राहतोय म्हणजे पाय चांगलाच मुरगळला असणार. का ताई?”

थोरली खोगिराची वादी शिवत होती. दाभण चामड्यात अर्धं गेलं होतं. तिनं ते दाबून पार केलं.

“येतील बरं वाटलं की.”

“येऊ दे, येऊ दे. घाई कुठाय?” हवालदार उठला. ग्लास पायरीवर ठेवून गेला. तो नेहमी तिथंच ठेवायचा आणि जावई उचलायचा. संध्याकाळपर्यंत ग्लास तिथंच होता. मग म्हाताऱ्यानं वाकून उचलला. वाकायला त्याला भिंत धरावी लागली.

दलालाकडं जायचं म्हाताऱ्यानं ठरवलं. थोरली म्हणाली, मी एकटी जाते. त्यानं ऐकलं नाही. गाडीतून उतरल्यावर बाजाराच्या गावातला चढाचा रस्ता त्याला झेपेना. दर दुकानाच्या फळीवर टेकत, लोकांना “जरा श्वास घेतो” म्हणत तो गेला. थोरली दोन पावलं मागं राहिली. पुढं चालली असती तर त्याला लागलं असतं.

दलालाचा जनावरं बांधायचा वाडगा गावाबाहेर. चिखल, मूत, नालबंदाच्या भट्टीचा धूर आणि खुरांना तापलेला नाल लावल्यावर येतो तो जळक्या केसांसारखा वास. दलाल एका गाढवाच्या पाठीला औषध लावत होता. म्हाताऱ्याला त्यानं ओळखलं, रामराम केला, स्टूल दिलं.

“काळपट खेचर कुणाचं होतं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“माझं.”

“तुझ्या आधी?”

“जनावराला विचारायचं.” दलाल हसला. मग थोरलीकडं पाहून त्याचं हसू गेलं. “काय झालं? मेलं का?”

“आमच्या जावयाला घेऊन गेलं.”

दलालानं हात कमरेला पुसले. इकडंतिकडं पाहिलं. नालबंदाचा ठोका चालू होता तोवर बोलला.

“मामा, मी कुणाला फसवून जनावर विकत नाही. वरच्यांची काही जनावरं पावसाळ्यात चौकीनं धरली होती, लिलावात आली. त्यातलं ते. दुसऱ्या कुणाला मी दिलंच नसतं. मी तुमच्या जावयाला म्हणालो, ही वरची आहे, हिला वरची वाट पाठ आहे, तुम्ही खिंडीतून पाहुणे नेता, तुमच्या कामाची नाही. मैदानात वाळू ओढायला कुणीतरी नेईल.”

“मग?”

“म्हणाले, चालेल.”

नालबंद थांबला. भट्टीत फक्त भात्याचा आवाज होता.

“चालेल म्हणाला?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“एकदा येऊन बघून गेले. मग परत आले आणि घेऊन गेले. घासाघीसही केली नाही. मला वाटलं, तुमच्याशी बोलले असतील.”

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसली होती. खिडकीची काच बंद होत नव्हती. म्हाताऱ्यानं मफलर कानावरून घेतला.

“स्वस्त मिळतंय म्हणून घेतलं असेल,” थोरली म्हणाली. “तुम्हीच म्हणाला होतात, जास्त देऊ नको.”

“हो.”

“शिकवू आपण, असं वाटलं असेल. जनावर नव्या वाटेला लागतं.”

“लागतं,” म्हातारा म्हणाला. “पण धुक्यात शेपटी धरताना तरी आठवायला नको?”

गाडी वळणावर थांबली. समोरून ट्रक येत होता. ड्रायव्हर उतरून ट्रकवाल्याशी भांडला आणि परत येऊन बसला.

“तुम्ही काय म्हणताय, ते सरळ म्हणा बाबा.”

“मी काही म्हणत नाही.”

“नाही, म्हणा ना. मुद्दाम गेले म्हणा. पाहुण्यांना घेऊन, धुकं पडायची वाट बघून मुद्दाम गेले म्हणा.”

“पाहुण्यांना घेऊन मुद्दाम कुणी जात नाही,” म्हातारा जरा वेळानं म्हणाला. “एवढा तो वाईट नाही.”

“मग कितपत वाईट आहेत?”

यावर म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. उघड्या काचेतून वारा येत होता, त्यामुळं त्याच्या डोळ्यांतून पाणी कशानं येत होतं ते सांगता येत नव्हतं.

डॉक्टरबाईंचा फोन त्या आठवड्यातच आला. थोरली गोठ्यात होती. फोन कानाशी धरून ती अंगणात आली, कारण गोठ्यात आवाज तुटतो. म्हातारा पायरीवर बसून बटाटे सोलत होता. त्याला तिचं बोलणं ऐकू येत होतं.

“हो, हो. मीच... नाही, बरी आहे... हो.” मग ती थांबली. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. “हो,” ती म्हणाली. “आले.”

म्हाताऱ्याच्या हातातली सुरी थांबली.

“काल आले. ठीक आहेत. थकलेत जरा... आता? आता झोपलेत. उठवत नाही... सांगते. तुमचा निरोप सांगते... हो, दाढ बरी झाली असेल त्याची.” तिनं हसल्यासारखं केलं. “तुम्ही काळजी करू नका. कुणाला काही सांगू नका.”

फोन ठेवून ती तिथंच उभी राहिली. मग आत आली, बापाच्या हातातली सुरी घेऊन उरलेले बटाटे सोलायला बसली. साली जाड निघत होत्या. म्हातारा म्हणाला नाही की साली जाड निघताहेत.

“आता शोधायला कुणी जाणार नाही,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“धरून ठेवलं असेल तर—”

“माहीत आहे म्हटलं ना.” मग ती म्हणाली, “आणि धरून ठेवलं नसेल, तर पोलीस जाऊन यांना धरतील. मग?”

यातलं कुठलं तिला जास्त नको होतं, ते तिनं सांगितलं नाही. रात्री जेवताना तिनं तीन ताटं घेतली. एक परत फळीवर ठेवलं.

त्या मोसमातले उरलेले पाहुणे तिनं फोन करून नाही म्हणून सांगितले. खेचर आजारी आहे, असं सांगितलं. ते खरंच होतं. एक मोठा गट नाराज झाला आणि दुसऱ्या गावातून वाटाड्या घेऊन आला. त्यांना चढताना तिनं अंगणातून पाहिलं. लाल-पिवळ्या जर्किनांची रांग बोलत, हसत जात होती. सूचना कुणीतरी दिल्या असाव्यात.

हिवाळ्याचं गवत कापायचं राहिलं होतं. दरवर्षी ते जावई कापायचा. तो विळा चालवायचा आणि ती भारे बांधायची. या वेळी तिनं एकटीनं सुरुवात केली. गवताचा उतार फाट्याच्या खाली आहे. पहिल्या दिवशी तिची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी फोड फुटले आणि विळ्याची मूठ चिकट झाली. फडकं गुंडाळून ती कापत राहिली. हवा कोरडी आणि बोचरी होती. वरच्या सुळक्यांमागं ढग येऊन थांबत होते आणि खाली उतरत नव्हते.

एका दुपारी विळा खाली ठेवून ती फाट्यापर्यंत चढून गेली. लहानपणापासून तिथं कधी थांबली नव्हती. उजवीकडची वाट खिंडीची, रुंद, पाहुण्यांच्या काठ्यांनी टोचलेली. डावीकडची झुडपांत शिरते. ती डावीकडं तोंड करून उभी राहिली. नवऱ्याला नावानं हाक मारायची तिला सवय नव्हती. “अहो,” तिनं हाक मारली. मग जोरात, “अहो!” समोरच्या कड्यावरून आवाज परत आला. तिला एकदम लाज वाटली आणि पदर सावरावा तशी शाल सावरत ती खाली आली.

मेंढपाळ उतरला तेव्हा ती भारा बांधत होती. बर्फाच्या आधी तो कळप घेऊन खाली येतो. तिच्या बापाचा ओळखीचा, पलीकडच्या अंगाला उन्हाळा काढणारा. त्याच्या मेंढ्या उतारभर पसरल्या. कुत्र्यांना त्यानं शीळ घालून बसवलं आणि पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर बाटली परत देत म्हणाला, “तुमचे मालक दिसले, ताई.”

तिच्या हातातली दोरी सुटली. भारा मोकळा झाला.

“कुठं?”

“पलीकडं. कड्याखालच्या वाटेनं. वरच्यांची खेचरं होती, ओझ्याची. हे सगळ्यांत पुढं.”

“कधी?”

“मी उतरायला लागलो त्या सकाळी.”

“बरोबर कोण होतं?”

“असतील मागं. मला दिसले नाहीत. त्यांचे लोक दिसत नाहीत.”

“तुम्ही हाक मारलीत?”

“मारली.” मेंढपाळानं डोक्याचं फडकं काढून झटकलं. “वारा होता. मान वळल्यासारखी वाटली. थांबले नाहीत.”

“लंगडत होते?”

“छे.”

“अंगात काय होतं?”

“काळं काहीतरी. सगळ्यांच्याच अंगात काळं असतं.”

ती गवताकडं बघत होती. एक मेंढी येऊन मोकळ्या झालेल्या भाऱ्यात तोंड घालू लागली. तिनं हाकललं नाही.

“दोरी हातात होती,” ती म्हणाली, “की कमरेला बांधलेली?”

मेंढपाळाला आधी समजलं नाही. मग समजलं. त्यानं डोळे बारीक करून वर पाहिलं, जणू अजून तिथं दिसेल.

“तेवढ्या लांबून दोरी दिसत नाही, ताई. माणूस पुढं आणि जनावरं मागं, एका रेषेत. एवढंच दिसतं.” तिच्याकडं बघून त्यानं पुढं जोडलं, “चाल मात्र नेहमीची होती. मान खाली घालून चालतात ना, तशीच.”

त्यानं कुत्र्यांना उठवलं. कळप खाली गेला. थोरलीनं भारा पुन्हा बांधला आणि डोक्यावर घेऊन घरी आली. बापाला तिनं मेंढपाळाचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आपला एकही न घालता. म्हातारा ऐकून म्हणाला, “आणि तू काय म्हणालीस?” ती म्हणाली, “काही नाही.”

ढग त्याच रात्री उतरले. सकाळी चौकीच्या लोकांनी पुलावर आडवा ओंडका टाकून खिंड बंद केली. ती आता उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडेल. थोरलीनं रोजच्यासारखं मोरचुदाचं पाणी केलं. जुन्या खेचराचा खूर भरून यायला लागला आहे. जावयाला मेंढपाळानंतर कुणी पाहिल्याचं अजून कळलेलं नाही.